दशावतारात पेटी कधी आली? प्रकल्पासाठी भरवशाची साधनं हवीत

मृण्मयी_कुडाळ
नमस्कार मंडळी. मी एमए भाग दोनला आहे. विषय मराठी, पण प्रकल्प संगीताच्या इतिहासाकडे झुकलेला घेतलाय: दशावतारी नाटकात, म्हणजे आमच्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, पेटी (हार्मोनियम) कधी आली आणि तिच्यामुळे गाणं कसं बदललं.

सरांनी पहिल्याच भेटीत बजावलं की विकिपीडिया, यूट्यूबखालची माहिती आणि ब्लॉग चालणार नाहीत. प्रत्येक विधानाखाली आधार हवा. मी शोधायला बसले तर सगळीकडे एकच परिच्छेद फिरतोय. श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ साली राजापूरजवळ आडिवऱ्याला हा खेळ कर्नाटकातून आणला. हे कोणी, कुठे, कशाच्या आधारावर लिहिलं ते कुणीच सांगत नाही. बरं, दासबोधात दशावतारी खेळाचा उल्लेख आहे आणि समर्थ त्या सालाच्या कितीतरी आधीचे. मग १७२८ ला 'आणला' म्हणजे नेमकं काय झालं?

पेटीबद्दल तर त्याहून वाईट परिस्थिती. 'पूर्वीपासून पेटी, मृदंग, झांज ही वाद्ये वापरली जातात' एवढंच. पूर्वीपासून म्हणजे कधीपासून? पेटी विलायती वाद्य. १८४० च्या दशकात पॅरिसला घडलं, मग आपल्याकडे आलं. दशावतार सुरू झाला तेव्हा ती जन्मलेलीच नव्हती.

सिंधुदुर्गात राहून, मुंबईच्या फार खेपा न करता, खरी साधनं कुठे मिळतील?

निनाद_रे
एआयला विचार. दोन मिनिटांत संदर्भासकट देतो.

अभय_डोंबिवली
निनाद, संदर्भ देतो हे खरं, पण ते पुस्तक असतंच असं नाही. लेखक खरा, प्रकाशक खरा, साल पटण्यासारखं आणि पुस्तक मात्र कधी छापलेलंच नाही, असा प्रकार सर्रास होतो. शब्द सुचवायला, इंग्रजी लेखाचा सारांश काढायला वापर. पण तो जे नाव देईल ते ग्रंथालयाच्या यादीत सापडेपर्यंत प्रकल्पात घालू नकोस, मृण्मयी.

ग्रंथालयवेडी
मी रत्नागिरीची, आयुष्य ग्रंथालयात गेलं, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

कोकणात बसून काही मिळत नाही हा समज आधी सोड. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं, तुझ्यापासून तासाभरावर. खाली उतरलीस तर पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय, १८३२ चं. यातली दोन ग्रंथालयं तर तुझ्या पेटीपेक्षा वयाने मोठी आहेत! जुनी पुस्तकं, नियतकालिकं, साप्ताहिकांच्या फायली अशाच ठिकाणी असतात.

जाताना पत्र घेऊन जा. कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीचं, विषय एका ओळीत लिहिलेलं. 'दशावताराची पुस्तकं दाखवा' म्हणालीस तर कपाटातली चार नेहमीची पुस्तकं समोर येतील. 'साप्ताहिकाचे जुने अंक, कार्तिक ते फाल्गुनमधले' असं माग, कारण जत्रांचा हंगाम तोच. जाहिराती वाच. नाटक मंडळींच्या जाहिराती, वाद्यांच्या दुकानांच्या जाहिराती, 'पेटी विकणे आहे' अशा चार ओळी. संपादकाला त्या जाहिरातीतून काही सिद्ध करायचं नव्हतं, म्हणूनच तिचा भरवसा जास्त.

रत्नागिरीचं 'सत्यशोधक' १८७१ पासूनचं. सावंतवाडीचं 'वैनतेय' १९२० च्या दशकातलं. कोणते अंक कुठे शिल्लक आहेत ते ग्रंथपालांना आधी फोन करून विचार, मगच एसटी पकड.

आणि शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' हाताशी ठेव. १८०० ते १९३७ मधल्या छापील मराठी पुस्तकांची नोंद आहे तिच्यात. संगीताचा विभाग काढ आणि पेटी शिकवणारी पुस्तकं कधीपासून दिसतात ते पाहा. वाद्य शिकवायची पुस्तकं मराठीत खपू लागली म्हणजे ते वाद्य घराघरांत पोचू लागलं होतं. दशावताराचा थेट पुरावा हा नव्हे, पण काळाची एक बाजू पक्की होते.

बापू_मालवणकर
गे बाय, कागद मगे बघ. आधी जत्रेक जा. पालखी देवळाभोवती फिरली की रात्री नाटक उभा रवता. आधी गणपती, मगे रिद्धीसिद्धी, सरस्वती, संकासुर. ह्या सुरवातीच्या भागातली गाणी नीट आयक. तेंची चाल येगळी. आख्यान सुरू झाला की नाट्यगीतां येतत, रागदारी येता, पेटी फुलता. जुना काय नि नवा काय ता तुका थंयच कळतला.

मृण्मयी_कुडाळ
बापूकाका, हे भारीच! आड दशावतार (हा सुरुवातीचा भाग) आणि आख्यान (नंतरची मुख्य कथा) यांच्या गाण्यात फरक आहे हे मला ऐकून जाणवायचं, पण तो पुरावा म्हणून मांडता येईल असं वाटलं नव्हतं.

प्रा_साळगाव
जपून. बापूंचं निरीक्षण चांगलं आहे, त्यावरून थेट इतिहास काढता येत नाही. सुरुवातीची गाणी विधीशी बांधलेली, म्हणून ती कमी बदलली असावीत, हा तर्क झाला. 'कमी बदलली' म्हणजे 'बदललीच नाहीत' असं नव्हे. प्रकल्पात तर्क हा तर्क म्हणूनच लिहायचा.

दासबोधाचंही तसंच. सहाव्या दशकाच्या आठव्या समासात 'खेळतां नेटकें दशावतारी, तेथें येती सुंदर नारी' असं आहे आणि पुढे त्या नारी म्हणजे सगळे धटिंगण, असं समर्थ सांगतात. यातून काय मिळतं? सतराव्या शतकात दशावतारी नावाचा खेळ होता, त्यात पुरुष स्त्रीवेष घेत आणि तो इतका ओळखीचा होता की समर्थांना दृष्टान्ताला वापरता आला. तो कोकणात होता, का आणखी कुठे, त्यात गाणं कसं, वाद्यं कोणती, यातलं काहीही त्या ओवीत नाही. लोक ती ओवी देतात आणि खाली 'म्हणजे आमचा दशावतार समर्थांच्या काळापासून' असं जोडून टाकतात. जोड त्यांची, समर्थांची नव्हे.

१७२८ बद्दल: ते साल ज्या लेखात दिसेल त्याची तळटीप बघ. तळटिपेत दुसऱ्या पुस्तकाचं नाव असेल तर ते उघड, त्यातली तळटीप बघ. असं मागे मागे जात राहा. शेवटी एक तर कागद सापडेल, नाहीतर 'अशी परंपरा सांगतात' हे वाक्य सापडेल. दुसरं सापडलं तर तसंच लिही. परंपरा काय सांगते हेही लिहिण्याजोगंच आहे, फक्त तिला दस्तऐवज म्हणू नये.

पेडण्याचो
आमच्याकडे गोव्यात, पेडण्यातही दशावतार तेवढाच. सीमा आता आली, कला आधीची. त्यामुळे अभ्यास जिल्ह्याच्या हद्दीत अडकवू नका.

वाशिष्ठीकाठ
ग्रंथालयवेडी ताईंनी चिपळूण घेतलं नाही, कारण कळण्यासारखं आहे. आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. २००५ च्या पुरात पाणी शिरलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा शिरलं. ओली झालेली जुनी पुस्तकं हातात घेतली की पानं लगद्यासारखी सुटतात. ती दुसरीकडे कुठे असतील तर आहेत, नसतील तर कायमची गेली. म्हणून सांगते, जो जुना अंक हाताला लागेल त्याचे परवानगी घेऊन तिथल्या तिथे फोटो काढ. मुखपृष्ठ, तारखेची ओळ आणि हवं ते पान. पुढच्या वर्षी बघू म्हणू नको.

ग्रंथालयवेडी
वाशिष्ठीकाठ, अगदी. फोटोबरोबर ग्रंथालयाचं नाव आणि दाखल क्रमांकही टिपायचा, म्हणजे पुढच्याला तेच पुस्तक मागता येतं.

पेटीवाले_काका
सावंतवाडीत पेट्या दुरुस्त करतो, वडीलही तेच करायचे. कागदाचं मला फारसं कळत नाही, पण पेटी स्वतःच बोलते.

दशावतारी कंपन्यांकडे घडीच्या पायपेट्या असायच्या. पाय भात्यावर, दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे, म्हणून गाणाऱ्या बुवाला सोयीच्या. अशी जुनी पेटी दुरुस्तीला आली की मी आधी मागची फळी काढतो. आत सूर, म्हणजे आवाज काढणाऱ्या पितळी जिभा, बसवलेली फळी असते. पितळी सुरांवर बारीक अक्षरात ठसा असतो, कधी पॅरिसचा, कधी जर्मन. आपल्याकडचे सूर असले तर धातूचा रंग आणि घासणीची तऱ्हा वेगळी दिसते. वरच्या फळीवर विकणाऱ्याचा शिक्का किंवा कागदी लेबल. मुंबईच्या हरिभाऊ विश्वनाथ यांचं नाव असेल तर ती पेटी १९२५ च्या आधीची नाही, कारण दुकानच तेव्हाचं. आतल्या बाजूला पेन्सिलीने दुरुस्ती करणाऱ्याचं नाव आणि तारीखही सापडते. आमच्या वडिलांची सवयच होती, भाता बदलला की आत तारीख घालायची.

अभय_डोंबिवली
काका, हे सोनं आहे. लेबलाचा आणि ठशाचा जवळून फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून काढला तर ते बिनतोड साधन होईल.

प्रा_साळगाव
साधन चांगलं, पण ते कशाचं, हे पाहा. पेटी १९१० ची निघाली म्हणून दशावतारात पेटी १९१० ला आली असं होत नाही. मोडलेल्या संगीत नाटक कंपनीची जुनी पेटी वीस वर्षांनी दशावतारी मंडळीने विकत घेतली असेल. पेटीचं वय आणि पेटीचं आगमन ही दोन वेगळी सालं आहेत.

पेटीवाले_काका
सर, बरोबर आहे तुमचं. पण उलट बाजूने काम होतं ना? पेन्सिलीच्या तारखेबरोबर कंपनीचं नाव लिहिलेलं असेल तर त्या तारखेला ती पेटी त्या कंपनीकडे होती हे पक्कं. त्याच्या आधी कधीतरी आली. एवढं तरी हाती लागतंच.

प्रा_साळगाव
हो, हे मान्य. त्या तारखेनंतर आली असं कुणी म्हणू शकणार नाही. 'या सालापर्यंत निश्चित आली होती' असं वाक्य लिहिता येईल आणि मला वाटतं संपूर्ण प्रकल्पातलं ते सर्वात भक्कम वाक्य ठरेल.

अभय_डोंबिवली
मी जुन्या तबकड्या गोळा करतो, म्हणून ध्वनिमुद्रणाबद्दल थोडं.

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यात. तेव्हापासूनच्या मराठी तबकड्या हजारोंनी यूट्यूबवर आहेत, पण तिथल्या शीर्षकावर जाऊ नकोस. गायकाचं नाव, नाटक, साल, सगळं टाकणाऱ्याने अंदाजाने लिहिलेलं असतं. तबकडीच्या लेबलाचा फोटो असेल तर त्यावरचा क्रमांक टिपून घे आणि सूचीत तपास. मायकेल किनिअर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ मधल्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची केली आहे. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स १९९० पासून आहे, तिच्या अंकांत मराठी रंगभूमीच्या तबकड्यांवर भरपूर मजकूर आहे. त्या मंडळींना नम्रपणे लिहिलं तर मदत करतात.

आणखी दोन गोष्टी. जुन्या तबकड्या सगळ्या अचूक ७८ फेऱ्यांनीच कापलेल्या नसत. चुकीच्या गतीवर चढवली की सूर वर-खाली होतो. त्यामुळे 'अमुक बुवा काळी पाचमध्ये गायचे' असं यूट्यूबवरून लिहू नकोस. दुसरं, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. रात्रभर चालणाऱ्या नाटकातलं पद त्यात कोंबायचं म्हणजे काटछाट आलीच. तबकडीवर ऐकलंस ते रंगमंचावरचं गाणं जसंच्या तसं नव्हे.

निनाद_रे
मग रेडिओ? आकाशवाणीच्या संग्रहात तारीख तरी बरोबर असेल.

अभय_डोंबिवली
निनाद, या वेळी चांगला मुद्दा काढलास. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि पणजी केंद्रांना पत्र लिहून लोकसंगीताचं ध्वनिमुद्रण ऐकायला मिळतं का ते जरूर विचारावं. पण पेटीच्या बाबतीत रेडिओचा कागद फसवा आहे. १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली होती, ती १९७१ ला सैल झाली. मधल्या तीस वर्षांच्या रेडिओ कार्यक्रमांत पेटी दिसत नाही म्हणून ती वाजतच नव्हती असं कुणी लिहिलं तर केवढा घोटाळा होईल. त्याच तीस वर्षांत आपल्याकडे प्रत्येक वाडीतल्या भजनाला पेटी होती.

बापू_मालवणकर
होती म्हणजे? पेटयेशिवाय भजन म्हणजे आंब्याशिवाय देवगड! डबलबारीक तर दोन बुवा, दोन पेटये, रात्रभर.

पेडण्याचो
बापू, देवगडवाले हापूससाठी भांडतात, आम्ही मानकुरादसाठी. तो धागा वेगळा काढूया, इथे बिचारीचा प्रकल्प बुडेल.

बापू_मालवणकर
मानकुराद गोड, पण हापूस तो हापूस. बस, आता गप रवतंय.

मृण्मयी_कुडाळ
😀 मंडळी, सगळं वहीत उतरवून घेतेय. एक अडचण आहे. जुन्या कलाकारांच्या मुलाखती घ्यायच्या ठरवल्यात, पण सन विचारलं की 'लय वर्सां झाली' एवढंच उत्तर येतं. मग तारखेचं काय करायचं?

ग्रंथालयवेडी
सन विचारूच नको. घटना विचार. 'कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही कंपनीत होता का?' म्हणजे डिसेंबर १९६७. 'सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तेव्हा?' म्हणजे १९८१. 'कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा?' म्हणजे १९९८. थोर वयाचे असतील तर 'सावंतवाडी संस्थान विलीन झालं तेव्हा' विचार, ते १९४८. माणसाला साल आठवत नाही, पण तेव्हा आपण कुठल्या देवळात नाटक करत होतो, पेटीवर कोण बसला होता, हे बरोबर आठवतं.

प्रा_साळगाव
आणि मुलाखतीची शिस्त पाळ. सुरुवातीला तारीख, गाव, उपस्थित कोण हे रेकॉर्डरवर बोल. संमती घे. 'तुमच्या आजोबांच्या वेळी पेटी होती ना?' असं विचारलंस तर समोरचा हो म्हणणारच, पोरीचं मन कशाला मोडा म्हणून. 'आजोबांच्या वेळी गाण्याला साथीला काय काय असायचं?' असं विचार. पेटीचं नाव त्यांच्या तोंडून आलं तर त्याला किंमत. स्वतः पाहिलेलं आणि वडिलांकडून ऐकलेलं, हे लिहिताना वेगळं ठेव.

दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते, संवाद तिथल्या तिथे उभे राहतात. म्हणून मुलाखत इथे वाचनाची पुरवणी न राहता मुख्य साधन आहे. मी वर कागदाचा हट्ट धरला तो यासाठीच, की मुलाखतही कागदाइतक्याच कसोशीने तपासली जावी.

पेडण्याचो
कागदाचा विषय निघालाच आहे तर देवस्थानांचे जमाखर्च कुणी पाहिलेत का? ठरलेल्या जत्रेला ठरलेल्या मंडळीचा मान असतो. त्या रात्री मंडळीला काय दिलं, तेल किती, शिधा किती, हे कुठेतरी लिहिलेलं असणार. वाद्य वाहून आणायला गडी लावला असेल तर त्याची मजुरीही. पायपेटी काही काखेत मारून आणत नाहीत.

ग्रंथालयवेडी
फार सुरेख! मात्र त्या वह्या मानकऱ्यांकडे असतात, एकटीने जाऊ नकोस. गावातलं ओळखीचं माणूस बरोबर ने, वही त्यांच्या समोरच बघ, बाहेर नेऊ नको. जुन्या मोडीत असतील, मोडी वाचणारा लागेल.

तारखा शकात असतील. शकात ७८ मिळवले की इसवी सन, पण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत ७९ धर. या एका वर्षाच्या फरकाने छापील पुस्तकंही गडबडली आहेत. समर्थांचंच बघ. निर्वाण माघ वद्य नवमी, शके १६०३. सरसकट ७८ मिळवून कितीतरी पुस्तकांनी १६८१ छापलंय. माघ जानेवारी-फेब्रुवारीत येतो, म्हणजे १६८२. जत्रांचा हंगाम नेमका याच महिन्यांतून जातो, त्यामुळे तुला हे प्रत्येक पानावर लागणार.

वाशिष्ठीकाठ
घरबसल्या: शोधगंगावर (विद्यापीठांतल्या प्रबंधांचं संकेतस्थळ) दशावतार, कोकणची लोकनाट्यं, हार्मोनियम असे शब्द मराठीत आणि इंग्रजीत टाकून प्रबंध शोध. प्रबंधाचा मजकूर बाजूला ठेव, आधी मागची संदर्भसूची वाच. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथसंजीवनी या संकेतस्थळावर जुनी मराठी पुस्तकं आणि वृत्तपत्रं आहेत. मराठी विश्वकोश जालावर फुकट आहे, नोंदीखाली लेखकाचं नाव असतं. सुरुवात तिथून करायला हरकत नाही. गंधर्व महाविद्यालय मंडळाचं 'संगीत कला विहार' हे नियतकालिक १९४७ पासून निघतंय, कोकणातल्या मोठ्या संगीत वर्गांकडे जुने अंक असू शकतात.

मृण्मयी_कुडाळ
सगळ्यांचे मनापासून आभार. सरांना आज भेटून आले. ठरलं ते सांगते.

'पेटी कधी आली' याचं एकच साल शोधायचं नाही. दोन टोकं बांधायची. अलीकडचं टोक पेटीच्या आतल्या तारखा, देवस्थानच्या वह्या आणि मुलाखतींवरून. पलीकडचं टोक दात्यांची सूची आणि साप्ताहिकांतल्या जाहिरातींवरून. १७२८ ची गोष्ट प्रस्तावनेत 'परंपरा अशी सांगते' म्हणून येईल आणि तिची तळटीप मी मागे जाईन तिथवर नेईन. दासबोधाची ओवी येईल, पण फक्त खेळाच्या अस्तित्वापुरती. गाण्यातल्या बदलाचं प्रकरण बापूकाकांच्या निरीक्षणावर उभं करणार आहे. एकाच मंडळीच्या तीन जत्रा पूर्ण ध्वनिमुद्रित करून आड दशावतार आणि आख्यान यांतली गाणी समोरासमोर मांडेन.

काका, तुमच्याकडे सध्या एखादी जुनी पायपेटी उघडलेली आहे का?

पेटीवाले_काका
एक आहे, भाता फाटलाय म्हणून आलीय. दशावतारी कंपनीचीच. मालकांना विचारलं, फोटोला त्यांची हरकत नाही. रविवारी सकाळी ये, तोवर मागची फळी काढत नाही, तुझ्यासमोरच उघडतो. मोजपट्टी आण.

अभय_डोंबिवली
फोटो तिरक्या उजेडात काढ. पेन्सिलीचा मजकूर सरळ फ्लॅशमध्ये उडून जातो.

बापू_मालवणकर
रविवारी माका पण येवचा आसा. ती कंपनी खयची ता पेटी बघून सांगतंय.

ग्रंथालयवेडी
सावंतवाडीला जातेच आहेस तर एक दिवस आधी जा आणि शनिवारी श्रीराम वाचन मंदिरात डोकाव. 'वैनतेय'च्या फायली कोणत्या वर्षापासून सलग आहेत ते विचारून इथे लिही, म्हणजे कुठले महिने चाळायचे ते आपण वाटून घेऊ. मला मोडी येते, वह्यांचे फोटो मिळाले तर माझ्याकडे पाठव.